परातीतलं उल्काविवर लांबट होतंय; शिवाय लोणारचा प्रश्न

पांझराकाठ (धुळे):
आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी उल्काविवराचं मॉडेल चाललंय. परातीत पांझरेची वाळू, वर रांगोळी, त्यात बेअरिंगचे छर्रे. छर्रा तिरका मारला की खड्डा लांबट होतो, चंद्रावरची विवरं तर गोल. छर्रा उचलताना काठही ढासळतो. आणि परीक्षक हमखास विचारतील: आपल्याकडे सगळा लाव्हाचाच खडक, मग लोणार ज्वालामुखीचं तोंड कशावरून नाही?

छर्रा_वाटी:
ताई, आधी वाळू बघा. चाळून दोन दिवस कडक उन्हात टाका. दमट वाळूत विवर होत नाही, नुसतं भोक पडतं. थर किमान 8 सेंमी हवा. पातळ थरात छर्रा परातीला आपटून उसळतो आणि बूड सपाट होतं. वाळूवर अर्धा सेंमी पांढरी रांगोळी, तिच्यावर चहाच्या गाळणीने गेरू, पांढरं झाकेल इतकाच. मग खालचं पांढरं बाहेर उडून चंद्रावरच्या टायको विवरासारखे पट्टे दिसतात.

छर्रा जुन्या स्पीकरच्या चुंबकाने वरून उचला. पण आपली नदीची वाळू बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची, तिच्यातले मॅग्नेटाइटचे काळे कण टपाटप चुंबकाला चिकटतात. म्हणून परात भरण्याआधीच वाळूतून चुंबक फिरवून ते काढून टाका. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली की झटकायला सोपं.

लांबट होणं ही चूक नाही, वेगाचा फरक आहे. 2 मीटरवरून छर्रा सेकंदाला जेमतेम 6 मीटरने पडतो. अशनी येते सेकंदाला 15-20 किलोमीटरने. ती खड्डा खणत नाही, जमिनीत घुसून स्फोटासारखी फुटते, आणि स्फोटाला दिशा नसते. कोन साधारण 15 अंशांच्या खाली गेला तरच विवर लांबट होतं. हे तक्त्यावर लिहा आणि छर्रे सरळ सोडा.

डाइक_साक्री:
लोणारचं उत्तर वयात आहे. आपला बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, विवर काही लाख वर्षांचं. म्हणजे लाव्हा थंड होऊन युगं लोटल्यावर हा खड्डा पडला. ज्वालामुखीचं तोंड सहसा त्यानेच रचलेल्या डोंगराच्या माथ्यावर असतं; मंगळावरच्या ऑलिम्पस मॉन्सवर पाहा, माथ्यावरचा खळगा तब्बल 80 किमीचा, तरी भोवतालच्या मैदानापेक्षा कितीतरी उंच. लोणारचं बूड मात्र आजूबाजूच्या पठाराच्या खाली आहे, काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी तर उलटलेले. शिवाय तिथल्या खडकात मास्केलिनाइट सापडतं: फेल्डस्पार या बेसॉल्टमधल्या खनिजाची धक्क्याने झालेली काच, न वितळता. एवढा दाब ज्वालामुखीत येत नाही.

आणि शंकूच्या डोंगराचं ज्वालामुखीचं मॉडेल शेजारी ठेवू नका, खान्देशचा लाव्हा तसा आलाच नाही. तो लांबच लांब भेगांतून आला. साक्री-नंदुरबारकडे शेतांमधून उभ्या काळ्या दगडी भिंती जातात ना, त्या भेगांत थिजलेला शिलारसच. भोवतालचा खडक झिजला, भिंती राहिल्या. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, म्हणजे पृथ्वीचं कवच इथे उत्तर-दक्षिण ताणलं जात होतं.

पांझराकाठ (धुळे):
उंची वाढवली तर खड्डा त्याच प्रमाणात वाढतो का? आलेख काढायचाय.

छर्रा_वाटी:
नाही. उंची चौपट केली तर व्यास साधारण 1.4 पटच होतो. 25 सेंमी, 50 सेंमी, 1 मीटर, 2 मीटर घ्या, प्रत्येकी पाच वेळा. दर वेळी वाळू ढवळून पट्टीने सपाट करा, दाबू मात्र नका. दाबलेल्या वाळूत खड्डा लहान येतो आणि आलेख बिघडतो.