मॅक नाही, आणि पोस्टवाल्याला प्रोरेसच हवंय

माणदेशी_कट:
मंडळी, लग्नाच्या व्हिडिओंची कामं करता करता यंदा एक ३० सेकंदांची जाहिरात मिळाली. मुंबईचा पोस्टवाला (शूटनंतरचं काम बघणारा) म्हणतो, मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्येच पाहिजे. माझ्याकडे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे एडिटिंगचं फुकटातलं रिझॉल्व्ह १८. फाइल बाहेर काढायच्या 'डिलिव्हर' पानावर अ‍ॅव्हिड कंपनीचं तसंच फॉरमॅट डीएनएक्सएचआर दिसतं, प्रोरेसचं नावच नाही. लिनक्सवर तर कॅमेऱ्याची एमपी४ टाकली की थेट 'मीडिया ऑफलाइन'. मित्र म्हणतो, मॅक मिनी घे. एका जाहिरातीसाठी?

रेंडरकाका:
मॅक घेऊ नकोस, पैसे लेन्सला ठेव.

ही अडचण तांत्रिक कमी आणि परवान्याची जास्त. प्रोरेस अ‍ॅपलचं, २००७ मध्ये त्यांच्याच फायनल कट या एडिटिंग सॉफ्टवेअरसोबत आलं. त्यातला डेटा (बिटस्ट्रीम) कसा वाचायचा हे एसएमपीटीई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आरडीडी ३६ या कागदात छापलेलं आहे, पण फाइल लिहिणारा एन्कोडर अधिकृत हवा तर अ‍ॅपलचा परवाना लागतो. म्हणून विंडोजवर फाइल उघडते पण बनत नाही, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला. अ‍ॅडोबीच्या प्रीमियरमध्ये विंडोजवर प्रोरेस एक्स्पोर्ट आलं ते २०१८ च्या शेवटी! रिझॉल्व्हच्या २० मध्ये आता विंडोज आणि लिनक्सवरही प्रोरेस लिहिता येतं. तेव्हा १८ ला चिकटून राहू नकोस. आधी प्रोजेक्टचा बॅकअप घे, मग नवीन आवृत्ती टाकून यादी बघ.

लिनक्सवरच्या एमपी४ चं दुखणं वेगळं. त्यातलं चित्र बहुधा एच.२६४ मध्ये दाबलेलं असतं; त्यावर पेटंटं आहेत, म्हणून रिझॉल्व्हच्या फुकटच्या लिनक्स आवृत्तीत ते वाचणारा डीकोडर दिलेलाच नाही. एफएफएमपेग या फुकटच्या साधनाने क्लिप डीएनएक्सएचआर एचक्यूमध्ये बदल, आवाज पीसीएम (न दाबलेला) कर, मग टाइमलाइनवर घे. आवाज एएसीमध्येच (दाबलेला) ठेवलास तर चित्र दिसेल आणि ट्रॅक मुका राहील. जागा भरपूर लागते, पण टाइमलाइन लोण्यासारखी सरकते.

माणदेशी_कट:
काका, एफएफएमपेगनेच प्रोरेस का नाही काढायचं? त्यात एन्कोडर आहे ना?

रेंडरकाका:
आहे. 'प्रोरेस_केएस' घे, प्रोफाइल ३ म्हणजे एचक्यू, रंग १० बिट ४:२:२, आवाज २४ बिट पीसीएम. रंगाचे टॅग बीटी ७०९ (एचडीचं रंगमानक) असे स्पष्ट लिही, नाहीतर मॅकवर चित्र फिकं दिसल्याची तक्रार येते आणि खापर तुझ्या ग्रेडवर, म्हणजे रंगकामावर, फुटतं. २५ फ्रेमच्या फुल एचडीला एचक्यूचा दर सेकंदाला साधारण १८४ मेगाबिट, म्हणजे तुझी जाहिरात ७०० एमबीच्या आसपास.

पण हा एन्कोडर अ‍ॅपलने मान्य केलेला नाही. तशा फाइलींत डीकोडिंगच्या चुका येऊ शकतात, असा इशारा अ‍ॅपलने आपल्या पानावर एफएफएमपेगचं नाव घेऊन दिलाय. बहुतेक ठिकाणी फाइल बिनबोभाट चालते, कडक क्यूसी (दर्जा तपासणी) असलेल्या पोस्ट हाउसमध्ये मात्र अडू शकते. फाइलच्या आत एन्कोडरची चार अक्षरी खूण असते, ती बदलून अ‍ॅपलची 'एपीएल०' करा असा सल्ला कुणी देईल. ते करू नकोस. उद्या फाइल कुठे अडली तर तू काय उत्तर देणार?

डीआयटी_ठाणे:
काकांशी सहमत. एक भर घालतो: पोस्टवाल्याला थेट विचार, डीएनएक्सएचआरची वरची पातळी एचक्यूएक्स चालेल का? डीएनएक्सएचडी हे एसएमपीटीईचं व्हीसी-३ मानक आहे, डीएनएक्सएचआर त्याचंच मोठं भावंड, आणि मुंबईत अ‍ॅव्हिडच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करणारे कमी नाहीत. पुष्कळदा 'प्रोरेसच पाहिजे' हे जुन्या डिलिव्हरी शीटवरून उतरवलेलं असतं. सिनेफॉर्म हे आणखी एक तसलंच फॉरमॅटही आहे, गोप्रोने २०१७ मध्ये तो खुला केला, पण तो मागणारा क्लायंट मला अजून भेटलेला नाही.

माणदेशी_कट:
फोन केला. एचक्यूएक्स नको म्हणाले, त्यांचं क्यूसीचं मशीन फक्त प्रोरेस घेतं. रिझॉल्व्ह २० उतरवायला लावलंय. रात्री ५ सेकंदांचा तुकडा आधी पाठवतो, पास झाला की पूर्ण रेंडर.

रेंडरकाका:
बरोबर. तुकड्यात कलर बार आणि टोनही (रंग-आवाज तपासायच्या पट्ट्या आणि सूर) टाक.