मुलीला टाईप १ शुगर आहे, स्टेम सेल करावं का? साडेतीन लाख सांगायलेत

सेलूकर:
नमस्कार मंडळी. माझी लेक ११ वर्षांची. दिवाळीच्या आधी एकदम वाळली, रात्रीतून चारचारदा उठायची, तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची, आम्हाला वाटलं ऊन बाधलं असंल. मग एका रात्री उलट्या अन् धाप, परभणीला नेलं तर शुगर ५४०, चार दिवस आयसीयूत. तवापासून रोज चार इंजेक्शन. आता एका ओळखीच्यानं मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा व्हिडिओ पाठवलाय, कमरेच्या हाडातून स्टेम सेल (मूळ पेशी) काढून सलाईनमधून परत सोडतात, तीन सिटिंग, सहा महिन्यांत इन्सुलिन बंद म्हणे. चीनमध्ये एका बाईचं बंद झालं हे पेपरात पण आलतं. अन् खरं सांगायचं तर गेल्या महिन्यापासून लेकीचं इन्सुलिन आपोआप २४ युनिटवरून १० वर आलंय, क्लिनिकचा माणूस म्हणतो शरीर साथ द्यायलंय, हीच वेळ आहे. कापसाचे थोडे पैसे आलेत, बाकी अर्धा एकर काढावा लागंल. कोणी केलंय का?

बीडचा बाप्पा:
भाऊ जमिनीला हात लावू नका. आमच्या वडलांना टाईप २, २०१९ ला असंच एका ठिकाणी १ लाख ८० हजार घातले. शुगर तिथंच, अन् भांडायला गेलो तर पावतीवर स्टेम सेलचा स सुद्धा नाही, "वेलनेस पॅकेज" लिहिलेलं. काय भांडता बाप्पा त्या कागदावर.

लातूरची ताई:
दादा, मला स्वतःला १९ वर्षांपासून टाईप १ आहे म्हणून जरा लांब लिहिते. पहिलं म्हणजे ते २४ चं १० झालं त्याला हनिमून पिरियड म्हणतात. इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना, आराम मिळतो अन् त्या थोडे दिवस पुन्हा काम करतात. माझं तर ६ युनिटवर आलं होतं, आजी म्हणाली खंडोबा पावला. आठ महिन्यांनी परत जसंच्या तसं. हे लोक नेमके याच काळात लेकरं गाठतात, डोस आपोआप उतरतो अन् श्रेय सलाईनला.

दुसरं, टाईप १ मध्ये आपलीच इम्युनिटी बीटा पेशींना मारते. हाडातल्या पेशी शिरेत सोडल्यानं त्यांच्या बीटा पेशी होत नाहीत, अन् समजा झाल्या तरी इम्युनिटी त्याही मारणार ना? ती चीनची बाई खरी आहे, तियानजिनची, २५ वर्षांची, २०२४ ला छापून आलं. पण तिच्या चरबीतल्या पेशी लॅबमध्ये केमिकलनं आधी मूळ अवस्थेत नेल्या, मग त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणारे पुंजके तयार करून पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले, ७५ दिवसांनी इन्सुलिन थांबलं. अन् ती आधीच इम्युनिटी दाबायच्या गोळ्यांवर होती, कारण तिचं लिव्हर बदललेलं. ही गोष्ट व्हिडिओत सांगतात का बघा.

जालना_किसान:
सदाफुलीची पानं सकाळी अनशापोटी, तीन महिने. फुकटात काम.

लातूरची ताई:
काका हात जोडते, त्या लेकराचं इन्सुलिन दोन दिवस चुकलं तरी परत आयसीयू आहे. असलं नका सांगू.

नांदेड_लॅबवाला:
ताईचं बरोबर. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या झिमिस्लेसेलचा, म्हणजे स्टेम सेलपासून लॅबमध्ये बनवलेल्या इन्सुलिनवाल्या पेशींचा, रिझल्ट जून २०२५ ला आला, पूर्ण डोस दिलेल्या १२ पैकी १० जणांचं वर्षाच्या शेवटी इन्सुलिन बंद होतं. भारी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण ते सगळे मोठे माणसं, शुगर एकदम उतरून बेशुद्ध पडणारे, अन् इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालूच. ट्रायलमधले दोघे वारले, त्यातल्या एकाला मेंदूज्वर झाला होता. ११ वर्षांच्या, इन्सुलिनवर शाळेत जाणाऱ्या पोरीला त्या गोळ्या कोण देईल? आपल्याकडं आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमात रक्ताचे वगैरे ठरलेले आजार सोडून स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच द्यायच्या, अन् ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नसतात. त्या क्लिनिकवाल्याला सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा, बघा काय म्हणतो.

सेलूकर:
मागितला. म्हणला "ते सरकारी कागद असतात, आपली डायरेक्ट ट्रीटमेंट आहे". मग म्हणला रविवारच्या आत बुकिंग केलं तर सव्वादोन लाखात बसवतो. लाखाच्या वर एका फोनमध्ये उतरले, बैलबाजारात बी असं होत नाही. बायकोला ताईचं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण व्हिडिओ डिलीट केला तिनं. आता दुसरंच विचारतो, उन्हाळ्यात आमच्याकडं दिवसदिवस लाईट नसती, फ्रिज नावालाच. इन्सुलिन कसं ठेवता?

लातूरची ताई:
दोन मडकी घ्या दादा. मोठ्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात झाकणाची डबी, वरून ओलं फडकं, सावलीत अन् वारं लागंल असं ठेवायचं. इन्सुलिन डायरेक्ट पाण्यात नको अन् लाईट आली म्हणून फ्रीझरमध्ये तर अजिबात नको, गोठलं की वाया. मडकं नवं घ्या, जुनं झिरपत नाही.