मदत हवी आहे : घरचा पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहायला हवा

मंडळी, पाव घरी करणाऱ्या अनुभवी हातांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे बिघडतंय ते सांगणं सोपं जाईल.

आम्ही नागपूरला असतो. बाबांचं लहानपण गिरगावात गेलं, त्यामुळे सकाळी पाव ही त्यांची जन्माची सवय. सध्या त्यांच्या दातांचं काम चालू आहे. वरच्या बाजूचे बरेचसे दात काढलेत आणि कवळी बसायला अजून वेळ आहे. चहात बुडवून दिला तर कुठलाही पाव जातो, पण त्यांना तो तसा नको असतो. लोणी लावून, हातात धरून, चावून खायचाय. आमच्या भागात मिळणारा पाव पोचेपर्यंत शिळा झालेला असतो, म्हणून मी घरी करायला लागले.

ताजा असताना बरा लागतो, अगदी बेकरीसारखा नसला तरी. पण संध्याकाळपर्यंत वरची साल जाड होते, आणि दुसऱ्या दिवशी तोडला की भुगा पडतो. कधी कधी आतून किंचित आंबूस, दारूसारखा वासही येतो. रंग फिकाच राहतो. भट्टीतून काढल्यावर वरचा भाग थोडा सुरकुततो.

माझं प्रमाण असं : मैदा ४०० ग्रॅम, कोमट पाणी २२० मिली, इन्स्टंट यीस्ट २ लहान चमचे, साखर २ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, लोणी ३० ग्रॅम. सगळं एकदमच घालून मळते, साधारण पोळीच्या कणकेइतकं घट्ट. तासभर झाकून ठेवते, गोळे करते, ताटलीत एकमेकांपासून अंतर ठेवून लावते आणि पुन्हा तासभर फुगवते. २८ लिटरचा ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे, त्यात १६० अंशांवर अर्धा तास, कधी ३५ मिनिटं. गार झाले की डब्यात भरून फ्रिजमध्ये, कारण बाहेर उकाडा भयंकर आहे.

अंडं चालणार नाही, दूध-लोणी-तूप चालेल. बाबांना पोटाला बरं म्हणून थोडी कणीक मिसळायचीही इच्छा आहे, पण ती मिसळून आणखी कडक होईल अशी धास्ती वाटते. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद (पुणे, घरून बेकरी चालवते)

ताई, इतकं नीट लिहिल्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या पावाला पाणी कमी पडतंय आणि आच मंद आहे, ही दोन मुख्य कारणं. फ्रिजचं शेवटी सांगते.

४०० ग्रॅम मैद्याला २२० मिली म्हणजे ५५ टक्के पाणी. पोळी लाटायला ते ठीक आहे, मऊ पावाला फार कमी. ते ६५ टक्क्यांच्या पुढे न्या. पीठ हाताला चिकटेल, तिथे हात मैद्याच्या डब्याकडे जाऊ देऊ नका. पुरणपोळीसाठी आपण तिंबतो तशी सैल, ताणली जाणारी कणीक डोळ्यांसमोर ठेवा. ओट्यावर आपटत, ओढत, घडी घालत दहा-बारा मिनिटं तिंबा. सुरुवातीला चिकट वाटणारं पीठ हळूहळू स्वतःच ओटा सोडायला लागतं. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी ताणून बघा. न फाटता पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला, की झालं. लोणी मात्र सुरुवातीला घालू नका. पीठ निम्मं तिंबून झाल्यावर थोडं थोडं घाला. स्निग्धपणा आधीच आला तर ग्लुटेनचं, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचं, जाळं बांधायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशीच्या मऊपणासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती जपानी ब्रेडमध्ये वापरतात ती पद्धत. २५ ग्रॅम मैदा आणि १२५ मिली दूध गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळत खळ करा. डावाचा माग भांड्यात राहायला लागला की उतरवा. साधारण ६५ अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च फुलतो आणि कच्च्या पिठापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो. ते पाणी भाजतानाही सहज सुटत नाही. ही खळ पूर्ण गार करून उरलेल्या ३७५ ग्रॅम मैद्यात घाला आणि वर १५० मिलीच्या आसपास दूध किंवा पाणी. मैद्याप्रमाणे ते थोडं कमीजास्त होईल, म्हणून शेवटचे दोन-तीन चमचे हातचे राखून ठेवा. लोणी ४० ग्रॅम करा. मीठ ७ ग्रॅम, वजन करूनच घ्या.

आता भाजणं. १६० अंशांवर रंग येत नाही, रंग येत नाही म्हणून आपण वेळ वाढवतो, आणि त्या वेळात पाव सुकतो. ओटीजी १९० अंशांवर निदान १५ मिनिटं आधी तापवा आणि पाव १६ ते १८ मिनिटांत बाहेर काढा. ओटीजीच्या खटक्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्याच. भाजण्याआधी वरून दूध लावा, काढल्याबरोबर लोणी लावा आणि वर स्वच्छ सुती कापड टाका. अडकलेल्या वाफेने साल नरम होते. गोळे अंतरावर न लावता जवळजवळ लावा, फुगल्यावर एकमेकांना टेकतील असे. टेकलेल्या बाजूंना साल धरतच नाही. लादी म्हणून भाजण्याचा मोठा फायदा हाच. वरच्या प्रमाणात ६० ग्रॅमचे १२ गोळे होतात, ९ इंची चौकोनी टिनमध्ये ३ बाय ४ बसतात.

आणि फ्रिज. भाजलेला पाव शिळा होतो तो नुसता सुकल्यामुळे नाही. भाजताना फुललेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरतो, त्यामुळे पाव कडक होतो आणि भुगा पडतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जोरात चालते. एका दिवसात संपणार असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा. जास्त असतील तर पूर्ण गार झाल्यावर पिशवीत भरून त्याच दिवशी थेट फ्रीजरमध्ये टाका, तिथे ही कडक होण्याची क्रिया जवळजवळ थांबते. खाताना इडलीच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं वाफवा. गरम झाला की कडक झालेला स्टार्च पुन्हा सैल होतो. बाबांना वाफवलेला पाव फार सोपा जाईल.

प्रतिसाद (चंद्रपूर)

वरच्या ताईंच्या उत्तरात आपल्याकडच्या उन्हाळ्याचं राहिलं. पुण्याचा तासभर आणि विदर्भातला मे महिन्यातला तासभर यांत फार फरक आहे. स्वयंपाकघरात ३८-४० अंश असताना कोमट पाणी घालायचं कारणच नाही, मैदाच कोमट असतो. पीठ २६-२७ अंशांच्या आसपास राहिलं तर चांगलं, म्हणून पाणी आणि दूध फ्रिजमधलं गार घ्या आणि यीस्ट १ लहान चमचा पुरे. तुम्ही सांगितलेला दारूसारखा वास, फिका रंग, वरच्या सुरकुत्या ही पीठ जास्त फुगल्याची लक्षणं आहेत. यीस्ट साखर खाऊन संपवतं, मग रंग यायला काही उरत नाही आणि जाळी मोठी पडून पाव बसतो.

घड्याळ बघू नका, बोट लावून बघा. मैद्यात बुडवलेल्या बोटाने गोळा हलकेच दाबायचा. खड्डा टुणकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरला तर लगेच भाजायला टाका. भरलाच नाही तर उशीर झालाय. आमच्याकडे मेमध्ये दुसरं फुगवणं २५ मिनिटांतच होतं. कापड ओलं करून झाका, नाहीतर कोरड्या हवेने वर पापुद्रा धरतो आणि तोच भाजल्यावर जाड साल होतो.

प्रतिसाद (म्हापसा)

आमच्याकडे गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पाव घेऊन दारात येतो, सकाळी आणि संध्याकाळीही. दोनदा येतो कारण तो पाव त्या त्या वेळी खायचा असतो. पूर्वी माडाच्या ताडीने पीठ आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. पण त्या पावात दूध-लोणी फारसं नसतंच. मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर आणि तापलेली भट्टी. दुसऱ्या दिवशी तो वातड होतो आणि आम्ही तो भाजून किंवा आमटीत बुडवून खातो. म्हणून बेकरीच्या पावाशी तुलना करून मन खट्टू करू नका. दोन दिवस मऊ राहणारा पाव हा वेगळा पदार्थ आहे, त्याला दूध-लोणी हवंच.

कणकेबद्दल : आमच्या पोईत (गोव्यातल्या एका पावात) कोंडा असतो आणि ती चवीला सुरेख लागते, पण दात नसलेल्या माणसाला पोई द्यायला मी धजणार नाही. मिसळायचीच तर चौथा हिस्सा, म्हणजे १०० ग्रॅम, बारीक चाळून घ्या. कोंडा पाणी पितो, म्हणून दोन-तीन चमचे दूध जास्त घाला आणि तिंबण्याआधी पीठ अर्धा तास नुसतं भिजू द्या. आधी निव्वळ मैद्याचा पाव मनासारखा जमू दे, मग हा प्रयोग करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! खळ घालून, गार दुधात, लादी लावून केला. साल अगदी पातळ आली, वास गेला, आणि आज दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी न वाफवता मस्का-पाव खाल्ला. मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

दोन शंका उरल्या. पावाचा तळ कडक आणि गडद होतो. आणि सकाळी सातला ताजा द्यायचा तर मी पहाटे किती वाजता उठू?

प्रतिसाद (पुणे)

वाचून फार आनंद झाला! तळासाठी : टिन काळं असेल तर बदला, साधं चकचकीत ॲल्युमिनियमचं घ्या. काळं टिन उष्णता जास्त ओढतं. जाळी एक खाच वर घ्या, तरीही करपलं तर टिनखाली आणखी एक रिकामा ट्रे ठेवा. शेवटची पाच मिनिटं खालचा रॉड बंद करून फक्त वरचा ठेवला तरी चालतं.

पहाटे उठायची गरज नाही. भाजलेल्या पावाला फ्रिज वाईट, कच्च्या पिठाला उत्तम. रात्री पहिलं फुगवणं झालं की गोळे करून टिनमध्ये लावा, वर तेलाचा हात लावून घट्ट झाका आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. यीस्ट पाऊण चमचाच घाला. आठ-दहा तासांत ते सावकाश फुगतं, चवही जास्त येते. सकाळी सहाला टिन बाहेर काढा, तुमच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात गोळे बोटाच्या परीक्षेला उतरतील. तेवढ्यात ओटीजी तापवून घ्या. थंडीत मात्र हाच वेळ दीड तासावर जाईल, तेव्हा डिसेंबरात पुन्हा इथे विचारा.