क्रूझने जाऊन आलात का? तुमचा अनुभव लिहा (बेळगाव, निपाणी, खानापूर आणि आपला सगळा सीमाभाग)

टिळकवाडी, बेळगाव

दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांना क्रूझवर न्यायचं घरात चाललंय. मामंजी ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, गोव्याला जाताना कणकुंबी आली की तोंडात आवळासुपारी लागते, पुढचा चोर्ला घाट त्या डोळे मिटूनच उतरतात. दोघांनी आजवर समुद्र बघितला तो काठावर उभं राहून. जाहिरातीत सगळं छानच दिसतं, म्हणून जाऊन आलेल्यांनी लिहावं ही विनंती. चुकलं असेल ते आधी लिहा.

आम्ही दोघं एकदा मुंबई-गोवा केलंय, तेवढीच माझी शिदोरी. तिकीट म्हणजे सगळा खर्च नव्हे, हे तेव्हा कळलं. राहणं, मुख्य जेवण आणि बरेचसे कार्यक्रम तिकिटात धरलेले असतात. कर, बंदराचं शुल्क, टिप, दारू, वायफाय, स्पा याचा हिशेब बहुतेक वेगळा. जहाजावर सगळा व्यवहार खोलीच्या कार्डावर होतो, त्यामुळं पैसे सुटताना हाताला कळत नाहीत. आम्ही रोज रात्री काउंटरवर जाऊन बिल बघायचो.

दुसरं, जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि आपल्या नेहमीच्या रिचार्जमध्ये ते बसत नाही.

निपाणीजवळ

ऊसबिल जमा झालं की एकदा सगळ्या घरानं बाहेर पडायचं, हे वडील होते तेव्हाच ठरलेलं. ते राहिले नाहीत. गेल्या वर्षी आईला घेऊन आम्ही अकरा जण मुंबईहून लक्षद्वीपला गेलो. तिथं जायला आपल्यालाही परवाना लागतो. तो बुकिंग करणाऱ्यांनी काढला, पण मूळ ओळखपत्रं आपल्याजवळच पाहिजेत, झेरॉक्सवर भागत नाही.

घरातल्या बायकांनी दोन दिवस खपून दशम्या, शेंगाचटणी आणि भडंगाचे डबे बांधले होते. बंदरावर बॅगा तपासताना घरचं सगळं काढून ठेवायला लावलं. बंद पाकिटातला खाऊ तेवढा सोडला. आईचा चेहरा उतरला. आधी विचारलं असतं तर हे टळलं असतं. आत गेल्यावर मात्र जेवणाची काळजी राहिली नाही. आईनं तिसऱ्या दिवशी साधा दहीभात मागितला, तर वाढणाऱ्या मुलानं आत जाऊन मोहरी-मिरचीची फोडणी घालून आणून दिला. ती वाटी तिनं दोन्ही हातांत धरली होती, ते मला अजून दिसतं.

आता जे चुकलं ते. बेटाभोवती प्रवाळ असल्यामुळं मोठं जहाज लांबच उभं राहतं आणि माणसं लहान बोटींनी नेतात. आम्ही पोचलो त्या सकाळी लाटा चढल्या होत्या. तयार होऊन दोन तास बसलो, मग उतरणं रद्द झाल्याची घोषणा झाली. पोरं रडली. ज्या बेटासाठी एवढं गेलो ते कठड्याला टेकून बघितलं आणि परत फिरलो. बंदर बदलायचा किंवा वगळायचा अधिकार कप्तानाला असतो, तिकिटाच्या अटीत तसं लिहिलेलंही असतं. आम्ही ते वाचलंच नव्हतं.

कारवार

एवढंच सांगतो, जून ते सप्टेंबर आपल्या बाजूच्या समुद्रात हौसेनं जाऊ नका. दिवाळीनंतरचा बेत योग्य आहे, ताई.

खानापूर तालुका

मी प्रवासी म्हणून गेलो नाही, जहाजावर खोल्या साफ करायचं काम केलं. सहा वर्षं. त्यामुळं माझं थोडं लांबेल.

ताई, आत्यांसाठी खोली जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या. जहाज पाळण्यासारखं डोलतं. टोकं जास्त वर-खाली होतात, मध्य कमी. वरच्या मजल्यावरची गॅलरीची खोली महाग असते आणि तिथंच जास्त हलतं. खिडकी असू द्या, कारण लांबवर एक स्थिर रेघ दिसली की डोकं ठिकाणावर राहतं. बिनखिडकीच्या खोलीत दिवस की रात्र कळत नाही, म्हातारी माणसं गोंधळतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि समुद्र खवळायच्या आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आम्ही पोरं आलं चघळायचो आणि हिरवं सफरचंद खायचो. रिकाम्या पोटी राहू नका.

जहाज सुटायच्या सुमाराला एक कवायत असते. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. लोक कंटाळा करतात, मला त्याचा राग यायचा. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. नियम त्यानंतर कडक झाला. मामंजींना हाताला धरून जमायच्या जागेपर्यंत एकदा चालवत न्या, जिन्यानं. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही.

आणि जहाज थांबत नाही. धक्क्यावर हात हलवत पळणारी माणसं मी वरून बघितलीत, शिडी काढून झालेली असायची. आपल्या गावचे लोक सकाळी पोचणाऱ्या रात्रीच्या बसनं मुंबईला जायचं आणि त्याच दिवशी चढायचं असं ठरवतात. नका करू. घाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं. मुरगाव बंदरातून चढायचं असलं तरी तेच. गोवा एक्स्प्रेस वास्कोपर्यंत थेट जाते, पण लोंढ्याच्या पुढं घाट आहे. एक मुक्काम आधी पोचा, त्या खोलीचं भाडं वाया गेलं असं समजू नका.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा कधी कधी संध्याकाळपर्यंत खोलीत येत नाहीत. शेवटच्या रात्रीही बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे बाहेर काढून ठेवा. एका काकांना लुंगीवर उतरावं लागलं होतं, बिचारे फार ओशाळले.

टिपेबद्दल. बऱ्याच जहाजांवर ती बिलात आपोआप लागते आणि काउंटरवर सांगून काढताही येते. काढू नका एवढं माझं म्हणणं. आमचा करार आठ महिन्यांचा असायचा, त्यात आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. एका करारात मी मोजून दोन महिने रोज टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला. एकदा कोल्हापूरकडच्या एक आजी माझ्या छातीवरचं नाव वाचून म्हणाल्या, "बाळा, जेवलास का?" खाली बंकवर येऊन मी बराच वेळ बसून राहिलो होतो.

शहापूर, बेळगाव

मी निवृत्त शिक्षक. आपल्या शहरातला वेंगुर्ला रोड रोज तुडवतो आपण, पण तो बंदराचा रस्ता हे आता कुणाच्या लक्षात नसतं. लहानपणी आम्ही वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबईला गेलोय. रोहिणी, चंद्रावती ही त्या वेळच्या बोटींची नावं. बोट खोल पाण्यात उभी, आणि किनाऱ्यापासून पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून तिथवर जायचं. पडाव लाटेवर वर आला की खलाशी ओरडायचा आणि बोटीवरचा माणूस दंड धरून आत ओढून घ्यायचा. आईनं माझी शेंडी धरली होती की मानगूट, ते आठवत नाही, पण पकड आठवते.

तीन वर्षांपूर्वी मुलीनं ग्रीसच्या क्रूझवर नेलं. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरायचं. जहाजावरची दोन पोरं दोन्हीकडून कोपर धरून उभी होती. बोट वर आली, पोरं म्हणाली "नाऊ", आणि मी पाय टाकला. सत्तर वर्षांत रीत तीच आहे! गुडघे दुखत असतील तर बुकिंगआधी विचारा, कुठल्या बंदरात धक्का आहे आणि कुठं लहान बोट.

आमचं जहाज मध्ये तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येणार होतं. अशा वेळी शेंगेनचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. एकदा तुर्कस्तानात उतरलो की शेंगेनमधून बाहेर पडल्याचं धरतात. मुलीनं हे अर्ज करतानाच बघितलं म्हणून निभावलं.

चिकोडी

नावाचं सांभाळा. आमच्या आधारवरचं आडनाव कानडीवरून इंग्रजीत गेलेलं आणि पासपोर्टवरचं शाळेच्या दाखल्यावरून, त्यामुळं एका अक्षराचा फरक. तिकीट आधार बघून काढलं. दुरुस्तीचे पैसे पडले, वर आठ दिवस जिवाला घोर. परदेशी जहाजाचं तिकीट पासपोर्ट समोर ठेवूनच काढा. नूतनीकरणाचं काम बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतं, पण प्रवासाच्या तोंडावर जाऊ नका. प्रवासानंतरही पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली पाहिजे, असं बरेच देश मागतात.

टिळकवाडी, बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. खानापूरच्या दादांना एक विचारते, मामंजींसाठी व्हीलचेअर जहाजावर मिळते का?

खानापूर तालुका

चढताना-उतरताना देतात, पण दिवसभर वापरायला मिळेल असं धरू नका. घडीची असेल तर आपलीच न्या. साध्या खोलीचं दार अरुंद असतं आणि बाथरूमला उंचसा उंबरठा असतो. तिथंच माणसं पडतात. बिनउंबरठ्याच्या खोल्या बऱ्याच जहाजांवर असतात, पण मोजक्याच. त्या लवकर संपतात, म्हणून बुकिंग करतानाच तोंडी न सांगता लिहून मागा. लहान बोटीत व्हीलचेअर घेतीलच असं नाही. आणि विमा काढा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं लागतं. बीपी-शुगर असेल तर विम्याच्या अर्जात लपवू नका.

टिळकवाडी, बेळगाव

खिडकीची, मधल्या भागातली, बिनउंबरठ्याची खोली लिहून मागितली. दोनच शिल्लक होत्या, त्यातली एक मिळाली. शहापूरच्या सरांचं पडावाचं वाचून दाखवलं तेव्हा आत्यांनी विचारलं, "आपल्या जहाजाला धक्का आहे ना?" आहे, दोन्ही बंदरांत आहे. परवा त्यांना गोळीसाठी डॉक्टरांकडं नेतेय.