झू शीने बौद्धांचा चंद्र उचलला आणि वर त्यांनाच बोल लावले?

रानवाट
चीनमधल्या सुंग काळातला विचारवंत झू शी (११३०–१२००) कन्फ्यूशियसच्या मताचा पुनरुद्धारक मानला जातो. मला तो खाल्ल्या घरचे वासे मोजणारा वाटतो. तरुणपणी तो चान या बौद्ध पंथाच्या भिक्षूंच्या नादी लागला होता (हाच पंथ जपानात झेन झाला). पुढे 'ली' म्हणजे तत्त्व एकच, तरी प्रत्येक वस्तूत ते अख्खं असतं, हे शिष्यांना पटवताना त्याने चंद्राचा दृष्टान्त दिला. आकाशात एक, हजार नद्यांत हजार, पण तुकडा कुठेच नाही. हा दृष्टान्त थेट चान परंपरेतल्या एका पदातला. आणि बौद्ध मताला म्हणायचं काय, तर पोकळ!

सरळरेघ
साफ असहमत. दृष्टान्त बौद्धांचा आहे हे झू शी स्वतःच सांगतो, मग चोरी कसली? शिवाय त्या चंद्रात काय आहे ते बघा. हुआयान या चिनी बौद्ध पंथाच्या लेखी 'ली' म्हणजे शून्यता, कुठल्याच वस्तूला स्वतःचा असा स्वभाव नाही. झू शीच्या 'ली'त माणुसकी, न्याय, रीतभात, विवेक ठासून भरलेत. बाप-लेकाचं नातं त्याला विश्वाच्या घडणीतच दिसतं. भिक्षू तेच नातं मागे टाकून निघतो. मातृपितृभक्ती बौद्धांना चीनमध्ये आल्यावर शिकावी लागली, ती कन्फ्यूशियसवाद्यांच्या दबावामुळेच.

चहाबाज
तुमचं ली-बिली चालू द्या, भांडण मुळात पैशाचं होतं. ८४५ साली तांग सम्राट वूझोंगने सुमारे ४,६०० मठ पाडले आणि २,६०,५०० भिक्षु-भिक्षुणींना संसारी करून कराच्या वहीत घातलं. त्याआधी ८१९ मध्ये बुद्धाच्या बोटाचं हाड राजवाड्यात आणू नका म्हणून हान यू या कन्फ्यूशियसवादी अधिकाऱ्याने तेव्हाच्या सम्राटाला अर्ज केला. त्यातले मुद्दे काय? बुद्ध परका, त्याची भाषा वेगळी, कपडे वेगळे, आणि त्याला पूजणारे राजे फार टिकले नाहीत. यात तत्त्वज्ञान कुठंय? सम्राट इतका भडकला की जीव थोडक्यात वाचला, दूर दक्षिणेत छाओझोऊला रवानगी झाली.

निळीशाई
चहाबाज, अर्ध्यातच थांबलात. छाओझोऊत त्याच हान यूची दादियान नावाच्या भिक्षूशी मैत्री जमली, आणि 'मी बौद्ध झालेलो नाही' असा खुलासा पत्रातून करायची वेळ आली :) त्याचा मित्र लिऊ झोंगयुआन तर स्वतः कन्फ्यूशियसचा अभ्यासक. त्याने हान यूला सुनावलं की तू भिक्षूंचं मुंडण नि ब्रह्मचर्य बघून चिडतोस, दगड दिसतो, आतलं जेड दिसत नाही. म्हणजे तेव्हाही वाद कराच्या वहीपुरता नव्हता.

सरळरेघ, तुमचं शेवटचं वाक्य मात्र पुराव्याला धरून नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाच्या लेण्यात इंद्राग्निदत्त या यवनाचा (म्हणजे ग्रीकाचा) लेख आहे: हे लेणं आईवडिलांसाठी कोरलं. तेव्हा चीनचा दबाव आणायला इथे कोण बसलं होतं?

सरळरेघ
लेख मान्य, शब्द मागे घेतो. पण आईबापांच्या नावाने पुण्य करणं वेगळं आणि त्यांची भक्ती शीलांच्याही आधी ठेवणं वेगळं. हे दुसरं सुंग काळात चीसोंग या चान भिक्षूने केलं, पितृभक्तीवर अख्खा ग्रंथ लिहून. हान यूचा वारसा सांगणारे विद्वान मठांवर तुटून पडत होते तेव्हा.

चहाबाज
म्हणजे दबाव होताच की!

रानवाट
नाशिकचं मला ठाऊक नव्हतं, आभार. चंद्राबद्दलही थोडा मागे सरकतो. नाव घेऊन उचललं तर चोरी नाही, पण ज्याचा दृष्टान्त घेतला त्यालाच पोकळ ठरवणं मला आजही खटकतं.

एक भर घालतो. झू शीने निवडलेल्या कन्फ्यूशियस परंपरेतल्या 'चार ग्रंथां'वरचं त्याचं भाष्य १३१३ च्या फर्मानाने सरकारी परीक्षांना लागलं आणि परीक्षाच १९०५ साली बंद होईपर्यंत प्रमाण राहिलं. त्या वातावरणात मिंग काळात ओउई झिशू (१५९९–१६५५) वाढला. पोरवयात त्याने बौद्धांविरुद्ध निबंध लिहिले, मग एका भिक्षूची पुस्तकं वाचून ते जाळले आणि पुढे स्वतः भिक्षू झाला. आणि नंतर बसून त्याने भाष्य लिहिलं ते त्याच 'चार ग्रंथां'वर, बौद्ध अंगाने.

निळीशाई
म्हणजे चंद्र व्याजासकट परत नेला. आता तो झू शीला पोकळ म्हणाला का, ते कुणीतरी वाचून सांगा.