किनाऱ्यावरचे हिवाळी पक्षिनिरीक्षण : आपले अनुभव लिहावेत

दांडिया बाजार, वडोदरा
पंचांगात पौष पौर्णिमा शोधताना जामनगरजवळच्या नराऱ्याचा एक दिवस आठवला. वडवाणा तलावावर आपण पहाटे पोहोचण्याची धडपड करतो. समुद्रावर मात्र वेळ भरती-ओहोटीच ठरवते. पाणी ओसरलेले होते तोवर पक्षी दूरच्या चिखलात विखुरलेले होते आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हते. भरती चढू लागली तशी त्यांची चराईची जागा आकसली आणि थवे आपणहून आमच्या बाजूला सरकले. त्यांत क्रॅब प्लव्हर होते : पांढरेशुभ्र अंग, काळी पाठ आणि खेकडा फोडण्याजोगी जाडजूड चोच. करड्या पाठीचे एक पिल्लू मान खाली घालून मागे मागे फिरत राहिले, तेव्हा मोठ्या पक्ष्याने पाय तोडलेला खेकडा त्याच्यापुढे टाकला. अरबस्तानाच्या किनाऱ्यांवर वाळूत बिळे खणून अंडी घालणारा हा पक्षी इतक्या दूर येऊनही पिल्लाला भरवतो, हे पाहून मी भारावून गेलो. आपण कोणत्या वेळी गेलात व काय दिसले, ते सविस्तर लिहावे.

मांजलपूर
माझे माहेर रत्नागिरीचे. तिकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो, म्हणजे अष्टमीला सहा. हा हिशेब कच्छच्या आखातात लावू नये, कारण आखातात आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. त्या बंदराचा तक्ता पाहूनच निघावे.

कारेलीबाग
ताईंचे म्हणणे अगदी खरे. आपल्याला जवळचे म्हणजे जंबुसर तालुक्यातले कावी-कंबोई. तिथले स्तंभेश्वराचे मंदिर भरतीत पाण्याखाली जाते, त्यामुळे दर्शनही ओहोटीलाच होते. आई देवळात असताना मी एकाच कर्ल्यूकडे पाहत राहिलो. खाली वळलेली लांबलचक चोच मुळापर्यंत चिखलात रुतवून तो किडा अगदी सावकाश, तुटू न देता ओढून काढत होता. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात जातो. कितीही मोह झाला तरी चिखलात उतरू नये.

रावपुरा
आई आता बऱ्या आहेत ना? त्यांना नमस्कार सांगावा.

ऐन भरतीत किनारा बुडाला, तर परत फिरण्याचे कारण नाही. ओखामंडळ हा जुना गायकवाडी मुलूख. तिथे द्वारकेजवळ चरकल्याची मिठागरे आहेत. किनाऱ्यावरचे पक्षी त्या वेळी अशा मिठागरांच्या बांधांवर विसाव्याला येतात, आणि आगरातल्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी बुडवून पाणी गाळत उभे असतात. बांधाच्या फार जवळ जाऊ नये. विसावलेला थवा उठवणे मला तरी अक्षम्य वाटते.

दांडिया बाजार, वडोदरा
फारच उपयुक्त. जामनगरला मुक्काम असेल, तर भरतीच्या त्या तासांत खिजडियाचे पक्षी अभयारण्यही गाठता येईल. तिथे बांधाच्या एका अंगाला गोडे पाणी आहे आणि दुसऱ्या अंगाला खारे. नराऱ्याला वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि जाड तळव्याचे बूट न्यावेत, कारण प्रवाळखडकांच्या धारा फार तीक्ष्ण असतात.