कामगारांच्या कमिटमेंटचे पॅटर्न कसे काढायचे? गाईडशी मत जुळत नाहीये

एमबीए_जळगाव:
नमस्कार मंडळी, जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात प्रोजेक्ट करतेय, मेयर आणि ॲलन या संशोधकांचं कमिटमेंटचं (माणूस कंपनीत का टिकतो त्याचं) १९९१ चं मॉडेल घेतलंय, म्हणजे कंपनीबद्दल आपुलकी, सोडलं तर नुकसान म्हणून थांबणं आणि कर्तव्य वाटणं असे तीन भाग. दोनशेच्या आसपास फॉर्म आलेत. गाईड सर म्हणतात तिन्हींची मिळून एकच सरासरी काढ आणि जास्त-कमी असे दोन गट पाड. पण लूमवरचा एक ऑपरेटर आणि ऑफिसातला अकाउंटंट, दोघांचा टोटल सेम आणि बोलणं एकदम वेगळं. एक म्हणतो मशीनचा आवाज बदलला की मला बसल्या जागी कळतं, दुसरा म्हणतो होम लोनचा हप्ता आहे म्हणून येतो. काय करू?

भुसावळचा_दादा:
ताई एकत्र सरासरी अजिबात नको, तिन्ही स्कोअर वेगळे ठेव आणि प्रत्येक माणसात त्यांचा मेळ कसा बसलाय ते बघ. लेटेंट प्रोफाइल ॲनालिसिस म्हणतात त्याला, आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. दोन गटांपासून सहापर्यंत मॉडेल चालव, बीआयसी (कोणतं मॉडेल जास्त नीट बसतं ते सांगणारा आकडा) बघ, पण एखाद्या गटात चार-पाचच माणसं पडली तर त्यावर विश्वास ठेवू नको. नुसतं "सोडता येत नाही" जास्त असलेला माणूस आणि त्याच्या जोडीला आपुलकीही असलेला माणूस, हे दोघं कामावर फार वेगळे वागतात. तुझा खरा विषय हाच आहे.

डाळमिल_एचआर:
चांगला विषय शे ताई. एक सांगतो, "सोडता येत नाही" याचेही दोन भाग पडतात, सोडलं तर गमवावं लागेल ते आणि दुसरीकडे काम मिळणारच नाही ते. आपल्याकडे हे फार दिसतं, ज्याची गावी केळीची बाग आहे त्याला पर्याय असतो, भूमिहीन माणसाला नसतो. म्हणून शेती, कर्ज, गाव किती लांब हे विचारलंय का? आणि कंत्राटी लोकांचं काय, त्यांनी "कंपनी" म्हणजे ठेकेदार धरला असेल तर सगळी उत्तरंच वेगळी. अजून एक, फॉर्म सुपरवायझरच्या हातून वाटले असतील तर आपुलकी सगळ्यांचीच भरभरून येणार.

एमबीए_जळगाव:
फॉर्म मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत वाटले, नावं घेतली नाहीत. शेती आणि कर्ज दोन्ही विचारलंय. कंत्राटी लोकांचे वेगळे काढते. पण दादा, दोनशे पुरतील का?

भुसावळचा_दादा:
तीनच स्कोअर आहेत, तीन-चार गटांपर्यंत चालून जाईल, जास्त ओढू नको. सरांना त्या ऑपरेटर आणि अकाउंटंटचे स्कोअर शेजारी-शेजारी ग्राफ काढून दाखव, नावाशिवाय.